ठाण्यात लोकल बातमी घराघरात पोचते का? सर्व्हे करायचा असेल तर असा करा

मी कळव्यात राहते. आम्ही सातजणांनी मिळून ठाणे शहरात एक सर्व्हे केला, एका बाजूने रहिवाशांना विचारायचं की तुम्हाला तुमच्या भागातलं काय आणि कुठून कळतं आणि दुसऱ्या बाजूने पेपरवाले, साप्ताहिकवाले, केबल आणि यूट्यूब चॅनेलवाले यांना विचारायचं की तुम्ही कुठल्या भागातलं काय देता. आमच्यात पत्रकार कुणी नाही, दोघी शिक्षिका, एकजण बँकेत, बाकीचे असेच नोकरी-संसार सांभाळून वेळ काढणारे. त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की आम्हालाही आमच्याकडे करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून सगळं एकत्र लिहून काढतेय. उदाहरणं ठाण्याचीच आहेत पण नवी मुंबईत किंवा कल्याणला करायचं असेल तरी पद्धत हीच, फक्त प्रभाग समितीच्या (ठाणे महापालिकेने कारभारासाठी शहराचे जे भाग पाडलेत त्यांच्या) जागी तुमच्याकडे जे असेल ते घ्या, नवी मुंबईत बेलापूरपासून दिघ्यापर्यंत आठ विभाग कार्यालयं आहेत, ते सोपं पडतं.

आधी नक्की काय विचारायचंय ते ठरवा

यात आम्ही पहिले पंधरा दिवस घालवले आणि ते घालवायलाच हवे होते. आमचा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला तुमच्या भागातल्या बातम्या मिळतात का?" दिव्याला ट्रायलसाठी गेलो तर प्रत्येक घरातून एकच उत्तर, हो हो, मोबाईलवर सगळं कळतं. बारा घरं झाली, बारा वेळा हो. तेराव्या घरात एक मावशी होत्या, गॅलरीत निळा ड्रम, त्याच्या बाजूला चार कॅन ओळीने मांडलेले, त्यापण आधी हो म्हणाल्या. मग आमच्यातल्या एकीने ड्रमकडे बघून सहज विचारलं, मावशी, मागच्या वेळी पाणी बंद होतं ते तुम्हाला कधी कळलं? त्या म्हणाल्या, "नळ सोडला तेव्हा." चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला होता, अगदी आदल्या रात्रीच आला होता, पण ग्रुप मुलाच्या फोनवर आणि मुलगा फोन घेऊन पहाटेच्या लोकलने कामाला. म्हणजे घरात बातमी आली आणि जिला पाणी भरायचं होतं तिला ती मिळालीच नाही.

त्या दिवशी घरी येऊन आम्ही सगळे प्रश्न फाडले आणि पुन्हा लिहिले. तुम्हीही असंच करा, "बातम्या मिळतात का" असं कधीच विचारू नका, एक ठरावीक घडलेली गोष्ट घ्या आणि ती त्या माणसाला कधी कळली, कुणाकडून कळली, कळून काही उपयोग झाला का हे विचारा. ठाण्यात पाण्याचं शटडाऊन हे सगळ्यात चांगलं उदाहरण. कारण शहराला पाणी एका ठिकाणाहून येत नाही, महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम नावाच्या पाणी पुरवणाऱ्या कंपनीचं पाणी आहे, एमआयडीसीचं आहे, थोडं मुंबई महापालिकेचं आहे. एमआयडीसीने दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं की झळ दिवा, मुंब्रा आणि कळव्याच्या काही भागाला, स्टेमने बंद ठेवलं की दुसऱ्याच भागाला. म्हणजे "ठाण्यात पाणी बंद" एवढी बातमी पुरत नाही, माझ्या नळाला बंद आहे का हे कळायला हवं. लोकल बातमी म्हणजे काय हे याच्याइतकं नीट दुसऱ्या कशाने समजत नाही.

असे तीन-चार विषय निवडा. आम्ही पाणी, वाहतुकीतले बदल (घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम आणि गायमुख घाटातली दुरुस्ती, यासाठी वाहतूक पोलीस वेळोवेळी अधिसूचना काढतात), मुलांच्या शाळा प्रवेशाच्या तारखा आणि आपल्या प्रभागात महापालिकेने कुठलं काम मंजूर केलं, हे चार घेतले. चौथा विषय मला वैयक्तिकरित्या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून काही वर्षं निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, प्रशासकांचा कारभार होता, त्या काळात लोकांना काय विचारायचं आणि कुणाला विचारायचं हे कळायला बातमीशिवाय दुसरा रस्ताच नव्हता.

किती लोकांना विचारायचं

इथे नवीन लोक घाबरतात, घाबरू नका. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही त्यामुळे आकडा तोच वापरावा लागतो, आणि घोडबंदर आणि दिवा त्यानंतर किती वाढलेत ते आपण डोळ्याने बघतोच. पण गंमत अशी की शहर १८ लाखांचं असो की ३० लाखांचं, किती लोकांना विचारायचं तो आकडा जवळपास तेवढाच राहतो. चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे १०० लोक घेतले तर उत्तर साधारण १० टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतं, ४०० घेतले तर ५ टक्के, १००० घेतले तर ३ टक्के. म्हणजे ४०० नंतर मेहनत खूप वाढते आणि फायदा थोडा. पहिल्यांदा करताय तर ४०० च्या आसपास थांबा.

ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, नौपाडा-कोपरी, उथळसर, वर्तकनगर, लोकमान्य-सावरकरनगर, वागळे, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा. प्रत्येकीत ४५ फॉर्म धरले तर ४०५ होतात. ४५ म्हणजे तीन ठिकाणी १५-१५. हे गणित कागदावर मांडून भिंतीला चिकटवा कारण मध्येच माणसं म्हणायला लागतात की नौपाड्यात पटापट होतंय तर तिथलेच जास्त करूया का, तर नाही करायचे.

आणि गूगल फॉर्म ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं नाही!! हे मी ओरडून सांगतेय कारण सगळ्यांना आधी तेच सुचतं. आपला फॉर्म आपल्या ओळखीच्यांत फिरतो, आपल्यासारखेच लोक भरतात, ज्यांच्या हातात फोन आहे, वाचायची सवय आहे, वेळ आहे. ज्यांना बातमी मिळत नाही त्यांना तुमचा फॉर्मपण मिळणार नाही. मग निकाल येतो की सगळ्यांना सगळं कळतं. ऑनलाइन फॉर्म भरून घ्यायचाच असेल तर वेगळा ठेवा, घरोघरीच्या आकड्यांत मिसळू नका, आणि वरचा ५ टक्क्यांचा हिशोब त्याला लावू नका, तो लागूच होत नाही.

घर कसं निवडायचं

मतदार यादी निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर मतदान केंद्रानुसार मिळते, मराठीत. तिचा उपयोग फक्त नकाशासारखा करा, म्हणजे कुठल्या केंद्राखाली कुठल्या चाळी, कुठल्या सोसायट्या, कुठले पाडे येतात एवढं बघायला. नावं उतरवून घेऊ नका, नावाने हाक मारत दार वाजवलं की माणूस बिथरतो आणि त्याचं बरोबरच आहे. प्रत्येक प्रभाग समितीतल्या केंद्रांच्या चिठ्ठ्या करून तीन उचलायच्या. मग त्या भागात एका ठरलेल्या ठिकाणापासून, देऊळ, रेशन दुकान, काहीही, उजव्या हाताला चालत दर पाचवं घर. जिथे बिल्डिंग आहेत तिथे एका बिल्डिंगमध्ये दोनपेक्षा जास्त घरं नकोत.

घरात कुणाला विचारायचं हेही तुम्ही ठरवायचं नाही आणि त्यांनीही नाही. १८ वर्षांच्या वरच्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला त्याला विचारायचं. ऐकायला विचित्र वाटतं पण या एका नियमामुळे सुना, सासवा, कॉलेजची मुलं, रात्रपाळी करून झोपलेले दादा हे सगळे यादीत येतात, नाहीतर दार उघडणारा पुरुषच सगळी उत्तरं देतो. "तिला काय विचारता, मी सांगतो ना" हे वाक्य आम्ही इतक्या दारांत ऐकलं. त्यासाठी प्रत्येक जोडीत एक तरी बाई हवीच, आणि विचारताना शक्य असेल तर बाईंना आतल्या खोलीत किंवा गॅलरीत भेटा. ती व्यक्ती घरी नसेल तर दुसऱ्यांदा जा, वेळ बदलून जा, मग सोडा, पण सोडलेल्या घराचीही नोंद ठेवा, दार बंद, नकार, कुणी नव्हतं, असं लिहून. शेवटी किती जणांनी नाही म्हटलं हे सांगता आलं पाहिजे.

सोसायटी, चाळ, गाव: आत शिरायचं कसं

घोडबंदर पट्ट्यात वॉचमनच्या पुढे जाता येत नाही. आधी सेक्रेटरींना पत्र, त्यात आम्ही कोण, काय विचारणार, किती वेळ लागेल, कुठल्या पक्षाचे नाही, काही विकत नाही, आणि एका माणसाचा फोन नंबर. एका सोसायटीत सेक्रेटरींनी साफ नाही सांगितलं, मग आम्ही गेटबाहेर उभं राहून पकडापकडी नाही केली, चिठ्ठीतलं पुढचं केंद्र घेतलं आणि नकार लिहून ठेवला. चाळीत आणि वस्तीत उलटं आहे, आत कुणीही जाऊ देतं पण दहा मिनिटांत गर्दी जमते आणि एकाला विचारलेलं पाचजण सांगतात. तिथे आधी शेजारच्या टपरीवर, महिला मंडळात, बालवाडीच्या ताईंना सांगून ठेवा, आम्ही रविवारी येतोय म्हणून. बाळकुम, कोलशेतसारख्या गावठाणांत ज्येष्ठ माणसांना भेटून मग पुढे जा. येऊरच्या पाड्यांवर तर ओळखीचं कुणीतरी सोबत असल्याशिवाय जाऊच नका, आपण अचानक कागद घेऊन उभे राहिलो की त्यांना जागेची मोजणी आली असं वाटतं.

सगळीकडे पहिला प्रश्न येतो, "कुठल्या पक्षाकडून आलात?" खरं उत्तर एका वाक्यात द्या आणि त्यांना वेळ द्या. निवडणूक जवळ असेल तर सर्व्हे पुढे ढकला, मी तर हेच सांगेन, त्या काळात कुणी खरं बोलत नाही. वेळ म्हणाल तर रविवारी सकाळी १० ते १ सगळ्यात चांगली, संध्याकाळी सीरियलच्या वेळेला जाऊ नका. आणि गणपती, दिवाळी, दहावी-बारावीच्या परीक्षा बघून तारखा ठरवा.

प्रश्न कसे लिहायचे

पंधराच्या वर नकोत, आठ-दहा मिनिटांत संपले पाहिजेत. पुस्तकी मराठी नको, "आपणांस स्थानिक वृत्तांची उपलब्धता कितपत समाधानकारक वाटते" असं लिहिलं तर विचारणाराच अडखळेल. आमचे काही प्रश्न जसेच्या तसे देते.

"मागच्या वेळी तुमच्याकडे पाणी बंद होतं किंवा कमी दाबाने आलं, ते तुम्हाला आधी कळलं होतं का? किती आधी? कुणाकडून?"

"काल किंवा परवा कुठला पेपर हातात घेतला होता का? कुठला? कुठे, घरी, दुकानात, ट्रेनमध्ये, ऑफिसात?"

"२०२० च्या लॉकडाऊनच्या आधी घरी पेपर यायचा का? आता येतो का? बंद केला असेल तर का?"

"हा फोन तुमचा एकट्याचा की घरातल्यांबरोबर? सोसायटीचा किंवा चाळीचा ग्रुप कुणाच्या फोनवर आहे?"

"तुमच्या प्रभागातल्या एखाद्या गोष्टीबद्दल माहिती हवी होती आणि मिळाली नाही, असं मागच्या वर्षभरात झालं का? काय होतं ते?"

"व्हॉट्सॲपवर आलेली तुमच्या भागातली एखादी बातमी नंतर खोटी निघाली का? खोटी आहे हे कसं कळलं?"

दुसरा प्रश्न बघा, "तुम्ही पेपर वाचता का" असं विचारलं तर आपल्याकडे कुणीही नाही म्हणत नाही, पेपर वाचणं ही चांगल्या माणसाची खूण आहे असं लहानपणापासून डोक्यात बसलंय. काल काय झालं असं विचारलं की खरं येतं. पाचवा प्रश्न सगळ्यात मोलाचा आणि त्याला पर्याय देऊ नका, माणूस बोलेल तसं त्याच्याच शब्दांत लिहा, चार ओळी मोकळ्या ठेवा. आम्हाला त्यात जन्मदाखल्यापासून नाल्याच्या भिंतीपर्यंत जे मिळालं ते आम्हाला घरी बसून सात जन्मात सुचलं नसतं.

एक प्रश्न वाचता येण्याबद्दल हवा, पण "तुम्हाला वाचता येतं का" असं तोंडावर विचारू नका, त्याने मान खाली जाते. "बातमी वाचायला आवडते, ऐकायला की बघायला" असं विचारा आणि पुढे "वाचून दाखवायला कुणी असतं का" असं. ज्यांना कमी दिसतं किंवा ऐकू येत नाही अशांनाही याच प्रश्नात सांगता येतं.

भाषेचं म्हणाल तर फक्त मराठी फॉर्म घेऊन ठाणे होत नाही. मुंब्र्यात उर्दू लागते, तिथे "इन्कलाब" आणि "उर्दू टाइम्स" वाचणारी घरं आहेत, कोपरीत सिंधी कुटुंबं, वागळे आणि घोडबंदरला हिंदी, कुठे गुजराती, कुठे इंग्रजी. आम्ही मराठी, हिंदी, उर्दू असे तीन फॉर्म केले. एकाने भाषांतर केलं की दुसऱ्याने मूळ न बघता ते परत मराठीत करायचं, दोन्ही जुळलं तर ठीक. आमच्या हिंदी फॉर्ममध्ये "प्रभाग" चं जे झालं होतं ते लोकांना कळतच नव्हतं, सगळे "वार्ड" म्हणतात, ते असं परत फिरवल्यावर सापडलं.

बारा-पंधरा घरांत ट्रायल घ्या, मगच झेरॉक्स काढा.

कागद की मोबाईल

कोबो टूलबॉक्स नावाचं एक साधन आहे, मोबाईलवर फॉर्म भरता येतो, नेट नसलं तरी चालतं, नंतर नेटमध्ये आलं की वर जातो. दिव्याच्या आतल्या गल्ल्यांत त्याचा फार उपयोग झाला. पण मोकळी उत्तरं मोबाईलवर टाईप करताना माणसं शब्द गाळतात, म्हणून पाचव्या प्रश्नासाठी वही वेगळी ठेवली. कागदावर करत असाल तर त्याच संध्याकाळी एक्सेलमध्ये भरा, आठवड्याने बसलात तर स्वतःचं अक्षरही लागत नाही.

फोन नंबर प्रत्येकाकडून मागू नका. ज्याला निकाल हवाय त्याचाच घ्या, विचारून घ्या, कशासाठी ते सांगा, आणि तो फॉर्मवर न लिहिता वेगळ्या वहीत. आधार, जात, कुणाला मत दिलं, यातलं काहीही नको. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायदा नसता तरी हे असंच असायला हवं, माणूस दारात उभा राहून आपल्यावर विश्वास ठेवतो.

आता दुसरी बाजू: बातमी देणारे

नवीन लोक फक्त रहिवाशांचा सर्व्हे करतात आणि थांबतात. मग निष्कर्ष निघतो की मीडिया काही दाखवत नाही. पण का दाखवत नाही हे त्यांना विचारल्याशिवाय कळणार कसं?

आधी यादी करा आणि ही यादीच अर्धं काम आहे. लोकसत्ता, लोकमत, महाराष्ट्र टाइम्स, सकाळ यांची ठाण्याची पानं सगळ्यांना माहीत असतात, "ठाणे वैभव" सारखं इथलंच दैनिक माहीत असतं, पण साप्ताहिकं किती, केबलवर बातम्या देणारे किती, यूट्यूब आणि फेसबुकवर एकट्याने चॅनेल चालवणारे किती, हे कुणीच सांगू शकत नाही. आम्ही चार ठिकाणांहून नावं जमवली. एक, रहिवाशांनी सर्व्हेत स्वतःहून सांगितलेली, यातली निम्मी नावं आम्ही आयुष्यात ऐकली नव्हती. दोन, स्टेशनबाहेर पहाटे पेपर लावणारे विक्रेते. पहाटे साडेचारला जाऊन उभे राहा, पुरवण्या घालता घालता ते तुम्हाला सांगतील कुठल्या पेपरचे गठ्ठे उघडतात आणि कुठल्याचे तसेच परत जातात, छापणारा सांगतो तो खपाचा आकडा वेगळा आणि यांचा वेगळा. तीन, सरकारी नोंदणी. पेपरांची नोंदणी करणारं कार्यालय ज्याला आपण आरएनआय म्हणायचो ते आता प्रेस रजिस्ट्रार जनरल झालंय, १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पण नोंदणी आहे म्हणजे पेपर निघतो असं नाही, अंक हातात घेऊन बघा, आणि त्यावर मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि कुठे छापलं ती बारीक ओळ असते तीही वाचा, ठाण्याचं म्हणवणारं साप्ताहिक भलतीकडेच छापलेलं असू शकतं. चार, वाचनालयं. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, वाचनकक्षात बसणाऱ्या आजोबांना इथे कुठलं साप्ताहिक कधी निघालं आणि कधी बंद पडलं हे तोंडपाठ असतं. आपल्या गावाला छापील बातमीची सवय फार जुनी आहे, "अरुणोदय" १८६६ मध्ये ठाण्यातून निघालं होतं, तो धागा आजही कुणीतरी एका खोलीत बसून ओढतंय हे मला स्वतःला फार हलवून गेलं.

अशाच एका साप्ताहिकाच्या ऑफिसात गेलो होतो. स्टेशनजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पहिला मजला, एक खोली, एक कॉम्प्युटर, खिडकीपर्यंत जुन्या अंकांचे गठ्ठे. संपादक तेच, बातमी तेच लिहिणार, पान तेच लावणार, जाहिरात मागायला तेच जाणार आणि गुरुवारी अंक स्कूटरला बांधून वाटायलाही तेच. आम्ही विचारलं, काका, तुमच्या अंकात मुंब्रा-दिवा का नसतं? ते रागावले नाहीत. ड्रॉवरमधून वही काढली आणि दाखवलं, त्या महिन्यात जाहिरातींतून आलेले पैसे आणि छपाईचं बिल, दोन ओळी एकाखाली एक. म्हणाले, दिव्याला अर्धा दिवस गेलो तर त्या अर्ध्या दिवसात जाहिरात कोण आणणार? त्यानंतर मी कुठल्याही छोट्या पेपरला "यांना काय पडलंय" असं म्हटलेलं नाही.

त्यामुळे विचारताना जाब विचारल्यासारखं करू नका. आधी फोन करून वेळ घ्या, प्रश्न पाठवून ठेवा, दैनिकाच्या माणसाला दुपारी ३ नंतर अजिबात भेटू नका, पानं लावायची गडबड असते. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात करा, किती जण बातमीचं काम करतात, पूर्णवेळ किती, बातमीमागे पैसे मिळणारे किती. कुठला भाग कुणाकडे आहे. महासभेला, स्थायी समितीला माणूस जातो का. आठवड्यातल्या बातम्यांपैकी किती प्रेसनोटवरून आणि किती स्वतः जाऊन. रहिवाशाने फोन केला तर तो कोण उचलतं. चूक झाली तर दुरुस्ती कुठे छापता. ऑनलाइनवाल्यांना हेही विचारा की तक्रार अधिकाऱ्याचं नाव साईटवर आहे का, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे डिजिटल बातम्या देणाऱ्यांनी ते द्यायचं असतं आणि तक्रारीवर १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, बऱ्याच एकट्या-दुकट्या चॅनेलवाल्यांना हे आमच्याकडूनच कळलं.

पैशाचे प्रश्न शेवटी. उत्पन्न किती ते विचारू नका, कशातून येतं ते विचारा, अंकविक्री, जाहीर नोटिसा आणि नाव बदलाच्या जाहिराती, सरकारी आणि महापालिकेच्या जाहिराती, बिल्डर, नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, आणि यातलं सगळ्यात मोठं कुठलं. आणि ज्याच्याकडून सगळ्यात जास्त जाहिरात येते त्याच्याविरुद्धची बातमी कधी थांबवावी लागली का, हा प्रश्न आम्ही वही मिटवून विचारला आणि उत्तरात नाव कुठेच लिहिलं नाही. सुरुवातीलाच सांगा की कुठल्या पेपरने काय सांगितलं हे बाहेर येणार नाही, आणि मग खरंच येऊ देऊ नका.

महापालिकेने वर्षभरात कुठल्या पेपरला किती रकमेच्या जाहिराती दिल्या हे माहिती अधिकारात मागता येतं. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, महाराष्ट्रात १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. हा अर्ज सर्व्हे सुरू करायच्या दिवशीच टाका म्हणजे बाकीचं होईपर्यंत उत्तर हातात येतं.

लोक सांगतात ते आणि छापून येतं ते

दोन्ही बाजूंचं ऐकून झालं की तिसरं काम, अंक समोर घेऊन मोजणं. एकाच आठवड्याचे सात अंक घेऊ नका, त्या आठवड्यात एखादी मोठी घटना झाली तर सगळं तिकडेच झुकतं. पहिल्या आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, तिसऱ्यातला बुधवार असे सात आठवड्यांत सात अंक गोळा करा. मग दर बातमीला दोन खुणा, कुठल्या प्रभाग समितीतली आणि प्रेसनोट की स्वतः मिळवलेली. दोघांनी वेगवेगळं करून जुळवून बघा, जिथे जुळत नाही तिथे नियम स्पष्ट करा. मी रंगीत पेनने केलं, नौपाड्याला हिरवा, दिव्याला लाल, आणि पानं जमिनीवर पसरली तर टेबल करायच्या आधीच दिसत होतं की कुठला रंग शोधावा लागतोय. आणखी एक बघा, लाल बातम्या कुठल्या होत्या. ज्या भागातून फक्त अपघात आणि गुन्हे येतात त्या भागाची बातमी येते असं म्हणता येत नाही, तिथल्या माणसाला त्याच्या उपयोगाचं काहीच मिळालेलं नसतं.

हिशोब मांडताना

प्रत्येक समितीत सारखेच ४५ घेतलेत पण लोकवस्ती सारखी नाही. समजा एका समितीत दुसरीच्या दुप्पट लोक राहतात, तर पूर्ण शहराचा आकडा काढताना तिच्या उत्तरांना दुप्पट वजन द्यायला हवं, नाहीतर शहराचं चित्र चुकतं. एक्सेलमध्ये एक कॉलम वाढवून होतं, येत नसेल तर कॉलेजमध्ये संख्याशास्त्र शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, आनंदाने सांगतात. ४५ लोकांवरून एका समितीबद्दल टक्केवारी ठोकून देऊ नका, तिथे "निम्म्याहून जास्त", "थोडेच" असे शब्द वापरा. आणि ४५ मधल्या सात तरुण मुलींवरून काहीच सांगू नका. बायका आणि पुरुष वेगळे काढून बघायला मात्र विसरू नका, पूर्ण शहराचे आकडे असतील तर ते नीट निघतं, आणि फोन कुणाचा हा प्रश्न त्याच्या शेजारी ठेवून वाचा.

निकाल लिहिताना किती घरं केली, किती नकार, कुठल्या तारखांना, प्रश्न जसेच्या तसे, हे सगळं द्या. जे वाचकाला पटणार नाही ते त्याला स्वतः तपासता आलं पाहिजे.

निकाल कुणाला द्यायचा

संपादकांना, महापालिकेच्या जनसंपर्क विभागाला, पत्रकार संघाला द्यालच. पण ज्यांनी दार उघडलं त्यांना आधी. आम्ही एका पानाचं पत्रक केलं, मोठ्या अक्षरात, तीन भाषांत, आणि त्याच गल्ल्यांत जाऊन दिलं. दिव्याच्या मावशींनी ते मुलाकडून वाचून घेतलं आणि विचारलं, मग पाणी बंद असल्याचं आधी कुठे कळतं ते यात आहे का? नव्हतं. आम्ही परत आलो, पत्रकाच्या मागच्या बाजूला पाण्याची सूचना कुठे-कुठे निघते, प्रभाग समितीच्या ऑफिसमध्ये कुठे विचारायचं, आणि चाळीच्या ग्रुपवरचा मेसेज फळ्यावर लिहायची जबाबदारी कुणी घ्यायची यासाठी एक मोकळी ओळ, असं छापलं आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा वाटलं. त्यांच्या चाळीत ती ओळ बालवाडीच्या ताईंनी भरली. त्यामुळे मागची बाजू कोरी ठेवून छापायला देऊ नका, झेरॉक्सचा खर्च दोनदा होतो.

फोन नंबरांची वही निकाल पाठवून झाल्यावर फाडून टाका, मोबाईलमधूनही काढा. फॉर्म आणि एक्सेल मात्र नीट ठेवा, नाव-नंबर काढून, कारण वर्षभराने हेच पाणी, फोन आणि पेपरचे प्रश्न शब्दही न बदलता त्याच केंद्रांत पुन्हा विचारायचेत, आणि तेव्हा शेजारी ठेवायला हा पहिला आकडा लागणार आहे.